गंगाखेडच्या भजनाची डीव्हीडी: फाइली दोन, आकार एकच, आवाज मात्र वेगळा

चैत्रातल्या एका दुपारी गंगाखेडचे एक सर परभणीला माझ्या स्टुडिओत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पिशवीतून त्यांनी एक हार्ड डिस्क काढली आणि रुमालात गुंडाळलेली एक डीव्हीडी. त्यांचे वडील, सगळे त्यांना बापू म्हणायचे, वारकरी चालीचं भजन म्हणत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. २००६ च्या कार्तिकात गोदाकाठच्या एका देवळाच्या दगडी सभामंडपात त्यांचं रात्रभराचं भजन झालं होतं आणि ओळखीतल्या एका रेकॉर्डिस्टने सहा माइक लावून ते २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेतलं होतं. त्यातला सत्तर मिनिटांचा निवडक भाग त्याने ५.१ सराउंडमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सहा चॅनलांत, डीव्हीडीवर करून दिला. मूळ रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क पुढे बंद पडली आणि चार प्रतींपैकी ही एक उरली.

सरांना हे भजन अनकम्प्रेस्ड वेव फाइलींत हवं होतं. डीव्हीडी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, आणि पुढे कुणी नीट मिक्स करायचं म्हटलं तर चॅनल सुटे हवेत. खरं तर हे काम एकदा झालेलं होतं. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने वेव फाइली करून दिल्या होत्या आणि हार्ड डिस्कवर त्याच होत्या.

"फाइली हायेत दादा," सर म्हणाले, "पण ऐकलं की बापू भिंतीपलीकडून म्हणायलेत असं वाटतंय." आणि जाता जाता आणखी एक सांगितलं. एकतिसाव्या मिनिटाला बापू ओळ अर्धी सोडून क्षणभर थांबतात. आई म्हणते वय झालं होतं, ओळ विसरले. सरांना ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सांगताही येत नव्हतं.

मी आधी दुकानाच्या फाइली तपासल्या. गुणधर्मांत सगळं बरोबर: सहा चॅनल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. आकारही बरोबर. हा हिशोब पाठ असावा असा आहे. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाची ९६,००० मोजमापं, म्हणजे नमुने; २४ बिट म्हणजे प्रत्येकी तीन बाइट; सहा चॅनल, म्हणजे सेकंदाला १७ लाख २८ हजार बाइट. मिनिटाला १०३.६८ एमबी. गौळणीपासून भैरवीपर्यंतचा तेवीस मिनिटांचा भाग सुमारे २.३८ जीबी भरायला हवा, तेवढाच भरला. पंचपदीपासूनचा पहिला सत्तेचाळीस मिनिटांचा भाग मात्र दोन तुकड्यांत होता आणि तुकडा पडला होता तो ऐन अभंगाच्या मध्यावर. ते का, हे पुढे येईल.

मग स्पेक्ट्रम उघडला, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती आहे याचं चित्र. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीत ४८ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. या फाइलीत २० हजारांच्या थोडं वर पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ, आणि रेघेच्या वर सगळा काळोख. तीस-चाळीस टाळकरी काशाचे टाळ वाजवतायत आणि वीस हजारांवर काहीच नाही, हे होणं नाही. टाळाचा ठोका हा फार वरपर्यंत जाणारा आवाज आहे. माइक कमी पडला तरी तो उतरत उतरत संपतो, कापल्यासारखा तुटत नाही. अशी सरळ रेघ बहुतेक वेळा कुठल्या तरी एन्कोडरने, म्हणजे आवाज दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने, मारलेली असते.

सहावं चॅनल तर त्याहून विचित्र होतं. त्यात मृदंगाच्या डाव्या पुडीचा नुसता घुमारा, बाकी काही नाही. १२० हर्ट्झच्या वर सगळं साफ. डॉल्बी डिजिटल या दाबलेल्या आवाजाच्या प्रकारात सहाव्या म्हणजे एलएफई चॅनलची, सबवूफरच्या घुमाऱ्यासाठी ठेवलेल्या चॅनलची, मर्यादा नेमकी तेवढीच असते. माझा संशय इथे पक्का झाला.

डीव्हीडी लावली तर त्यात दोन फोल्डर: व्हिडिओ_टीएस आणि ऑडिओ_टीएस. सिनेमाच्या डीव्हीडीतही ऑडिओ_टीएस नावाचं फोल्डर पुष्कळदा असतं आणि ते रिकामं असतं. वर्षानुवर्षं ते रिकामंच पाहिलेला माणूस त्यात डोकावत नाही. सरांची डिस्क मात्र डीव्हीडी-ऑडिओ होती. या प्रकारात खरा माल ऑडिओ_टीएसमध्येच असतो. व्हिडिओ_टीएसमध्ये असतो तो साध्या प्लेयरवर निदान काही तरी वाजावं म्हणून ठेवलेला डॉल्बी डिजिटल पर्याय. इथे तो ४४८ किलोबिटचा होता. सहा चॅनलचा कच्चा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आवाज सेकंदाला ६,९१२ किलोबिट होतो. म्हणजे पंधरा वाट्यांतला एक वाटा ठेवून चौदा टाकून दिलेले. दुकानदाराने साध्या प्लेयरला दिसतं ते घेतलं, उलगडलं, वर ताणून ९६ किलोहर्ट्झ केलं आणि २४ बिटच्या वेवमध्ये भरलं. त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. पण सरांच्या घरी दीड वर्ष जी फाइल 'ओरिजिनल' म्हणून जपली गेली, तिच्यात त्या रात्रीचा बराचसा आवाज नव्हताच. अनकम्प्रेस्ड म्हणजे आता दाबलेलं नाही, इतकंच. त्याआधी काय काय फेकून दिलं गेलं, ते फाइलीचे गुणधर्म सांगत नाहीत.

ऑडिओ_टीएसमधला आवाज एमएलपी प्रकारात होता. मेरिडियन लॉसलेस पॅकिंग. याची गरज का पडली, तेही आकड्यांतच आहे. सहा चॅनल, ९६/२४ म्हणजे सेकंदाला १३.८२४ मेगाबिट. डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा ९.६ मेगाबिट. कच्चा आवाज त्या नळातून जातच नाही. म्हणून तो घडी घालून ठेवायचा, वाजवताना उलगडायचा. घडी अशी की उलगडल्यावर एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. ब्लू-रेवर पुढे आलेलं डॉल्बी ट्रूएचडी याच एमएलपीवर उभं आहे.

इथे एक स्पष्ट करून ठेवतो. ही डिस्क सरांच्या घरची, रेकॉर्डिंग घरचं आणि तिला कुठलंही कुलूप नव्हतं. बाजारातल्या डीव्हीडी-ऑडिओ डिस्कांना सहसा सीपीपीएम नावाचं संरक्षण असतं. ते तोडणं २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ मध्ये येतं. तसलं काम मी घेत नाही.

डिस्कवरून थेट फाइली कॉपी करायचा मोह आवरला. घरी लिहिलेली डीव्हीडी-आर, वीस वर्षं जुनी. आमच्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याच्या खोलीतली लोखंडी पेटी यांनी तिच्यातल्या डायचं, म्हणजे ज्या रंगाच्या थरावर माहिती लिहिली जाते त्याचं, काय केलं असेल, सांगता येत नाही. आधी पूर्ण डिस्कची इमेज घेतली, सेक्टरामागून सेक्टर, वाचता न आलेल्या जागांची नोंद ठेवत. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर. पहिल्या ड्राइव्हला जे जमलं नाही त्यातलं पुष्कळसं दुसऱ्याने वाचलं. शेवटी नऊ ब्लॉक उरले ते उरलेच. डीव्हीडीचा एक दुरुस्ती-ब्लॉक सोळा सेक्टरांचा, ३२ केबीचा. नऊ म्हणजे २८८ केबी. आवाजाच्या हिशोबाने सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा, भैरवीच्या शेवटाकडे.

आता उलगडणं. ऑडिओ_टीएसमधला आवाज एओबी नावाच्या फाइलींत असतो. त्या एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात आणि ते तुकडे गाण्याप्रमाणे पडत नाहीत, आकाराप्रमाणे पडतात. प्रत्येक तुकडा सुटा रूपांतरित केला तर सांध्यावर खटका किंवा फट येते. म्हणून आधी एकामागे एक जोडायच्या, मग एकदाच उलगडायचं, आणि गाणी कुठे सुरू होतात ते सोबतच्या आयएफओ फाइलीतून घ्यायचं.

पहिल्या खेपेला चूक माझी झाली. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामला एमएलपी दिलं आणि वेव मागितली. फाइल तयार, एकही तक्रार नाही. पण तेवीस मिनिटांचा भाग १.५९ जीबी. तोंडपाठ हिशोब कामाला आला, कारण हवे होते २.३८. वेव मागितली आणि बिट किती ते सांगितलं नाही तर हा प्रोग्राम १६ बिट धरतो आणि २४ मधले खालचे आठ बिट जातात. स्वच्छ सांगावं लागतं की २४ बिट पीसीएम, म्हणजे न दाबलेला कच्चा आवाज, हवा. या दोन फाइली शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत होतो. दुकानाची फाइल पूर्ण आकाराची आणि आत वीस हजारांवर काळोख. माझी चुकलेली फाइल एक तृतीयांश लहान, पण तिच्यात टाळांचे ठोके तीस हजारांच्या पुढे गेलेले, गवताच्या पात्यांसारखे एकेक सुटे.

२४ बिट सांगितल्यावर दुसरा अडथळा आला. सत्तेचाळीस मिनिटांचा भाग ४.८७ जीबी होतो आणि साध्या वेव फाइलीच्या मथळ्यात आकार लिहायला ३२ बिटचीच जागा असते. म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ बाइट. आपल्या सहा चॅनलच्या आवाजाला ती मर्यादा ४१ मिनिटं २५ सेकंदांत संपते. दुकानाने अभंग मधोमध का तोडला, ते इथे कळलं. यावर उपाय आहेत. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आरएफ६४ नावाची वेवची मोठी आवृत्ती ठरवली आहे. एफएफएमपेगला ती सांगून मागता येते. सोनीचं डब्ल्यू६४ आहे. पण सरांच्या पुढच्या पिढीत ही फाइल कोण उघडेल आणि कशात उघडेल, ते आज माहीत नाही. मला साधी वेवच हवी होती.

त्यात सहाव्या चॅनलने वाट दाखवली.

डिस्कच्या कव्हरात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर रेकॉर्डिस्टने बॉलपेनने माइकांच्या जागा लिहिल्या होत्या. दोन टाळकऱ्यांच्या रांगांपुढे, एक बापू आणि विणेकऱ्यासमोर, दोन मागे श्रोत्यांत. सहाव्यापुढे फक्त एक शब्द: 'वर'. त्याने एक माइक सभामंडपाच्या घुमटाखाली टांगला होता आणि तो एलएफईच्या जागी भरला होता. हे ऐकायला अजब वाटेल, पण एमएलपीत सहावं चॅनल इतरांसारखंच पूर्ण पट्टीचं असतं, आणि त्याचा असा वापर करणारे इतरही होते. जर्मनीची एमडीजी कंपनी तर मधलं आणि सहावं अशी दोन्ही चॅनल उंचीवरच्या स्पीकरांसाठी वापरत असे. डॉल्बी डिजिटलच्या एन्कोडरला मात्र 'वर' काय ते कळणार नव्हतं. त्याने ते सबवूफरचं समजून १२० हर्ट्झवर कापलं.

आता सहा चॅनलची एकच वेव केली, तर तिच्या मथळ्यात प्रत्येक चॅनल कुठल्या स्पीकरचं हे नोंदवलेलं असतं आणि वेवच्या ५.१ च्या नेहमीच्या क्रमात चौथी जागा एलएफईची, म्हणजे आपल्या सहाव्या चॅनलची. कुठलाही होम थिएटर ती खूण वाचून घुमटाचा माइक सबवूफरकडे पाठवेल, वर एलएफईला दहा डेसिबल जादा देईल. म्हणून एकत्र फाइल करायचीच नाही असं ठरवलं. सहा सुट्या मोनो वेव. प्रत्येक मिनिटाला १७.२८ एमबी, सत्तेचाळीस मिनिटांची एक फाइल ८१२ एमबी. चार जीबीचा प्रश्न सुटला, एलएफईचा गैरसमज सुटला आणि तिसराही एक सुटला. वेवमध्ये क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई, मागचे दोन असा. प्रो टूल्ससारख्या सॉफ्टवेअरात सिनेमाच्या रिवाजाने डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी एलएफई. एकत्र फाइल चुकीच्या क्रमाने उघडली की बापू उजव्या रांगेत जाऊन उभे राहतात. सुट्या फाइलीच्या नावातच जागा लिहिली की तो गोंधळ राहत नाही.

जागा बरोबर आहेत का, हे कानानेही तपासलं. वारकरी भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर असतात, मृदंग मधे. एका रांगेने चाल उचलायची, दुसरीने झेलायची. हेडफोनवर चाल डावीकडून उजवीकडे जाते, परत येते. मृदंग हलत नाही. मागच्या दोन चॅनलांत कुणी तरी खोकतं, एक लेकरू आईला काही मागतं. सगळं कागदावरच्या जागी होतं.

एमएलपीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे उलगडलेला आवाज मुळाशी जुळतो का, हे तपासायची खूण प्रवाहातच ठेवलेली असते. जुळलं नाही तर डिकोडर लगेच सांगतो. पूर्ण सत्तर मिनिटांत त्याने तक्रार केली ती फक्त भैरवीतल्या त्या नऊ ब्लॉकांपाशी. मग दोन ड्राइव्हवरून घेतलेल्या इमेजांतले दोघांनीही पूर्ण वाचलेले भाग वेगवेगळे उलगडून त्यांचे एमडी५, म्हणजे फाइलीच्या बोटांच्या ठशांसारखे आकडे, ताडून पाहिले. सारखे आले.

त्या फटीचं काय करायचं, यावर मी आणि सर अर्धा तास बोललो. तोच क्षण व्हिडिओ_टीएसमधल्या डॉल्बी डिजिटलमध्ये धडधाकट होता, कारण तो डिस्कवर दुसऱ्या जागी लिहिलेला असतो. जपणुकीच्या फाइलींत मी फट तशीच ठेवली, शांतता म्हणून, आणि नोंदपत्रात नेमकी वेळ लिहिली. ऐकण्यासाठी केलेल्या वेगळ्या प्रतीत मात्र तेवढा तुकडा डॉल्बीचा, लाटा जुळवून बसवला. ज्या प्रतीला मी सकाळपासून नावं ठेवत होतो, तिच्याचकडून शेवटी तिसरा हिस्सा सेकंद उसना घ्यावा लागला.

"आवाज लई बारीक यायलाय दादा, जरा वाढवून द्या की," हेही सर म्हणाले. रेकॉर्डिस्टने वर भरपूर मोकळी जागा सोडली होती, सगळ्यात मोठा ठोकाही पूर्ण पातळीच्या सहा डेसिबल खाली. जपणुकीच्या फाइलींत आवाज वाढवायचा नाही, नमुना-दर बदलायचा नाही, खरखर काढायची नाही. हे सगळं ऐकायच्या प्रतीत हवं तेवढं करावं, आणि केलंही. घरी त्यांच्याकडे वरचा स्पीकर नाही, तर त्या प्रतीत घुमटाचं चॅनल मागच्या दोघांत थोडं मिसळून दिलं.

हीच डिस्क एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, असती तर मी इतक्या ठामपणे 'बिट-बिट जुळलं' म्हणू शकलो नसतो. तिथे आवाज एक बिटचा, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुने. वेवमध्ये आणायचा तर गाळणी लावून, बहुधा ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झवर, नवाच आवाज घडवावा लागतो. गाळणी बदलली की फाइल बदलते. ब्लू-रेवरच्या डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओत तर दुकानात झाली तसलीच चूक व्हायची सोय आहे. त्यात आत एक साधा, तोट्याचा डीटीएस गाभा असतो आणि जुनं सॉफ्टवेअर तेवढाच उलगडून मोठ्या रुबाबात मोठी वेव देतं.

फाइली द्यायच्या दिवशी सर संध्याकाळी आले. मी छताच्या हुकाला एक छोटा स्पीकर टांगून सहावं चॅनल त्यावर सोडलं होतं. पंचपदी झाली. अभंग रंगात आला. एकतिसावं मिनिट. बापूंनी ओळ उचलली आणि त्याच वेळी डोक्यावर, अगदी वर, पंखांचा एकदम मोठा फडफडाट झाला. घुमटातले पारवे उठले होते. बापू थांबले. खालच्या पाच माइकांत ती फडफड टाळांखाली पूर्ण बुडालेली आहे, मी नंतर एकेक चॅनल सुटं करून पाहिलं. पंख वर एक फेरी मारतात, बसतात, आणि बापू तीच ओळ पहिल्यापासून, आधीपेक्षा वरच्या स्वरात घेतात.

सरांनी मला थांबवायला सांगितलं आणि तिथूनच घरी फोन लावला. "आई, बापू ओळ विसरले नव्हते," ते म्हणाले. "पारवे उडाले होते वर."

नोंदपत्रात, भैरवीतल्या फटीच्या खाली, मी ती वेळही लिहिली: सहावं चॅनल, ३१ वं मिनिट, पारवे.